मॅनेजर कोण होणार? मीच.

२ जून, सोमवार
आज मालकांनी आम्हा चौघांना फर्निचर शोरूमच्या गोदामात उभं केलं. जुना मॅनेजर नोकरी सोडून गेला. नवा आमच्यातलाच होणार. प्रत्येकाने उरलेल्या तिघांना दहापैकी मार्क द्यायचे, गुपचूप. बेरीज सगळ्यात जास्त, तो मॅनेजर. सगळ्यात कमी, त्याने घरी बसायचं. स्पर्धेत माणूस फुलतो, असं मालक म्हणाले. सगळ्यांच्या आधी मी मान डोलावली.

उमेदवार: मी. सोफे विकायला आजोबा, नातवंडं दोन, गुडघे शून्य. कपाटं विकायला एक पोरगा, गळ्यात टाय आणि डोक्यात हवा, म्हणून नावही टाय. कॅशवर आमची ही. हिला धरत नाही, बायको आहे.

३ जून
प्लॅन तयार. आजोबांना म्हटलं, तुम्ही मला दहा द्या, मी तुम्हाला दहा देतो. त्यांनी माझा हात हातात घेतला, डोळ्यांत पाणी आलं. दुपारी टायशी तोच करार. त्याने शेकहँड केला. दोघांनाही शून्य देणार आहे. याला विश्वासघात म्हणत नाहीत, मॅनेजमेंट म्हणतात.

४ जून
आजोबांना हल्ली किमतीची चिठ्ठी वाचता येत नाही, हे मालकांच्या कानावर घातलं. निव्वळ काळजीपोटी. टायबद्दल सांगायला गेलो तर टाय आधीच केबिनमध्ये. दाराबाहेर माझं नाव ऐकू आलं. बहुतेक कौतुक चाललं असावं.

५ जून
जेवताना हिला समजावलं. मला दहा, बाकीच्यांना भोपळा. ही म्हणते सगळ्यांना दहा देणार, कुणाच्या पोटावर पाय नको. अगं, स्पर्धा म्हणजे काय ते तुला कळतच नाही, म्हटलं. खरंय, म्हणाली आणि ताटं उचलली. भोळी आहे. मी नसतो तर लोकांनी हिला विकून खाल्लं असतं.

६ जून
सगळे जेवायला गेल्यावर मॅनेजरच्या खुर्चीत बसून पाहिलं. कुरकुरते. बदलून घेणार.

७ जून, शनिवार
मार्क दिले. आजोबा शून्य. टाय शून्य. हिच्या नावापाशी मात्र पेन अडलं. दहा द्यावेत असं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण नवराबायको दोघंही वर आली तर लोक काय म्हणतील? शिवाय पक्षपात आपल्या रक्तात नाही. शून्य. नोकरी गेलीच तर घरी बसेल, जरा आराम मिळेल. मॅनेजरच्या पगारात दोघांचं भागतं. एका अर्थी तिच्यासाठीच केलं.

९ जून, सोमवार
निकाल. मालकांनी बेरजा वाचल्या. मी दहा. आजोबा दहा. टाय दहा. ही वीस.

आजोबा आणि टाय लगेच हिच्याभोवती. ताई, मी तुम्हाला पूर्ण दहा दिले, हे दोघंही सांगत होते. खरंच दिले होते. मला शून्य, एकमेकांना शून्य, आणि हिच्यापासून धोका नाही म्हणून हिला दहा. किती नीच असावं माणसाने.

दोघांचे दहा-दहा म्हणजे वीस. तिसऱ्याचं काय, ते मोजायला हिला बोटं लागत नाहीत, बारा वर्षं कॅशवर बसते. माझ्याकडे एकदाच बघितलं.

तळाला आम्ही तिघं सारखेच. कुणाला काढायचं ते नव्या मॅनेजरने ठरवावं, असं मालक म्हणाले. मला हसू आलं. निर्णय घरातल्या माणसाच्या हातात.

संध्याकाळ. ही भाजी निवडत होती. मीच म्हटलं, मालकांची बेरीज चुकली असणार. असेल, म्हणाली. मग आजोबांची नातवंडं आणि टायचं ठरलेलं लग्न यांबद्दल बोलत बसली. मी स्पष्ट सांगितलं, माझ्याशी हात मिळवून ज्यांनी मला शून्य दिलं, त्यांची दया नको. जवळच्या माणसाला शून्य देणारा माणूस ठेवायचाच कशाला? बरोबर आहे तुमचं, म्हणाली. पटलं तिला.

१० जून, मंगळवार, सकाळी नऊ
उठलो तर ही केव्हाच गेलेली. रोज दोन डबे भरते, आज एकच भरला आणि नेला. फोन केला. आवाज मऊ होता. म्हणाली, नळ दुरुस्त करायला माणूस येणार आहे, दुपारपर्यंत कधीही येईल, घरी कुणीतरी हवं. म्हटलं, ठीक आहे, आजचा दिवस थांबतो, उद्या येतो.

उद्या वॉशिंग मशीनवाला येणार आहे, म्हणाली. परवा कोण ते अजून ठरायचंय.