आजच्या अंगाचं झबलं

४ मार्च

चि. सौ. सूनबाईस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू फोनवर बोलतेस त्यातलं निम्मं मला ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुझ्या सासूबाई गाळून सांगतात, म्हणून हे पत्र. सर्वांत आधी, मुलगी झाल्याबद्दल मनापासून अभिनंदन! आपल्या घराण्यात वेळेआधी आलेली ही पहिलीच. मी उभ्या आयुष्यात एक ब्लाउज ठरल्या दिवशी शिवून दिला नाही, तुझा नवरा स्वतःच्या लग्नाला उशिरा पोचला, आणि ही पोरगी चक्क दोन महिने आधी हजर! दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला मी हे सांगत सुटलो आहे.

खोकला जाईपर्यंत दवाखान्याकडे फिरकायचं नाही असं चिरंजीवांनी बजावलं आहे, तेव्हा मी आपला मशीनपाशी. सोबत चार झबली आहेत. वाढत्या अंगाची शिवली आहेत, लवकर आखूड व्हायची नाहीत.

कळावे. आमच्या घाईबाईला आजोबांचे आशीर्वाद.

तुझे बाबा

९ मार्च

ती. बाबांना शि. सा. नमस्कार, वि. वि.

झबली मिळाली. शिवण नेहमीसारखी देखणी. पण बाबा, एका झबल्यात तुमची नात दोनदा मावेल. तुमचंच नाही, जो तो वाढत्या अंगाचं आणतो आणि म्हणतो, मोठी झाली की होईल. ती मोठी होईल ना, हेच तर डॉक्टर अजून छातीठोकपणे सांगत नाहीत. कपाट भरलं आहे आणि आज घालायला तिच्या मापाचा एक कपडा नाही.

काचेच्या पेटीत नळ्या लावून ती निजलेली असते. नर्सबाई म्हणतात, छातीशी धरा, तिला ऊब मिळेल. मी काही ना काही निमित्त काढते. माझ्या हातून तिला काही होईल, अशी भीती वाटते. त्यात दिवसभर फोन. वजन किती, नाक कोणाचं, अपुऱ्या दिवसांची कशी झाली. भेटायला येणारे तर दुखवट्याला आल्यासारखे तोंड पाडून बसतात. अभिनंदन फक्त तुम्ही केलंत. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचते.

लोभ आहे तसाच राहू द्या, खोकला मात्र राहू देऊ नका.

आपली सून

१२ मार्च

चि. सौ. सूनबाईस आशीर्वाद.

चूक माझी. माप न घेता शिवणारा शिंपी कसला! आता माप तू घ्यायचंस. टेप नको, तिच्या अंगाला टोचेल. सोबत मऊ सुती दोरा आहे. नर्सबाईंना विचारून स्वच्छ करून घे, मग एकदा छातीभोवती, एकदा खांद्यापासून खाली, आणि तेवढाच तोडून पाठव. दुसऱ्या कोणाच्या हातचं माप मला चालायचं नाही. या वेळी आजच्या अंगाचं शिवतो.

फोनचा बंदोबस्त झाला आहे. तुझ्या सासूबाईंनी सगळ्या गोतावळ्याला दम भरला आहे, की बातमी हवी तर मला विचारा, तिला फोन केलात तर गाठ माझ्याशी आहे. तिच्या नादी लागायची कोणाची छाती आहे? आणि माझ्या नातीला जो अपुरी म्हणेल, त्याचं कापड मी शिवणार नाही.

तुझे बाबा

१६ मार्च

ती. बाबांना शि. सा. नमस्कार.

दोरे पाठवते आहे. नर्सबाई शेजारी उभ्या होत्या, तरी दोरा माझ्या हातून दोनदा निसटला. छातीभोवती दोरा फिरवला तशी तिने कपाळाला आठी घातली, गिऱ्हाईक घाई करायला लागलं की तुम्ही घालता अगदी तशीच! मला हसू फुटलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मग नर्सबाईंनी तिला अलगद माझ्या छातीशी दिलं आणि मला खाली ठेववेना. माप नर्सबाईंनाही घेता आलं असतं, हे मला मागाहून सुचलं. तुम्ही फार लबाड आहात, बाबा.

फोन अगदी थांबले. माझी मैत्रीण रोज दाराच्या कडीला जेवणाचा डबा अडकवते आणि बेल न वाजवता निघून जाते. आदल्या दिवशीचा डबा मी घासायचा नाही, असा तिचा हुकूम आहे.

आपली सून

१८ मार्च

चि. सौ. सूनबाईस आशीर्वाद.

दोरे टेपवर धरले आणि आकडाच दिसेना. चष्मा पुसला तरी दिसेना. मग डोळे पुसले. बसलो मशीनवर आणि त्याच दिवशी झबलं पुरं केलं, जन्मात पहिल्यांदा! पुढून उघडं, बटणांऐवजी बंद, नळ्यांना कुठे अडकायला नको. गिऱ्हाइकं विचारत होती, बाहुलीचं का? मी ताठ मानेने सांगितलं, माझ्या नातीचं आहे.

तुझे बाबा

२५ एप्रिल

ती. बाबांना शि. सा. नमस्कार, वि. वि.

एक तक्रार आहे. तुम्ही शिवलेलं झबलं तिला होत नाही. काल बंद ओढून ओढून पाहिले, गाठ बसेना. पोट पुढे आलं आहे, दंडाला वळी पडली आहे. डॉक्टर स्वतः म्हणाले, आता हिला इथे ठेवून आम्ही काय करणार! शनिवारी घरी आणतो आहोत. तुमचा खोकला गेला असं सासूबाई सांगतात, तेव्हा हात धुऊन दोघंही आमच्या दारात हवेत. उशीर चालणार नाही.

आखूड झालेलं झबलं सोबत पाठवते आहे. दुकानात सगळ्यांना दिसेल असं टांगा आणि खुशाल सांगत सुटा. नवीन मात्र लगेच शिवायला घ्या.

लोभ असावा, आणि झबल्यासारखा तोही आता वाढत्या अंगाचा.

आपली सून