ताशी तीस

अण्णा, तुम्हाला पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही. तुम्ही घरी नसायचात तेव्हा कुठल्या तरी गावात एसटीची गाडी लावून वस्तीला असायचात आणि सकाळी परत यायचात. पत्र पोचायच्या आत माणूसच पोचायचा. शिवाय तुमचं शिक्षण चौथीपर्यंतचं, मी काही लिहिलं असतं तरी ते वाचून दाखवायला तुम्ही मलाच समोर बसवलं असतंत. आज लिहिते आहे, कारण एक गोष्ट तुमच्याशी बोलायची राहून गेली. वेळ मिळाला नाही असं म्हणायची सोय नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी चाळिशीला आले होते.

नववीत शास्त्राच्या पुस्तकात गतीचा धडा आला आणि मी अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले. रत्नागिरीतली आपली ती भाड्याची दोन खोल्यांची जागा, आई स्टोव्हपाशी बांगडे तळते आहे, तुम्ही पाटावर बसून भात कालवताय आणि मी दारात उभी राहून तुमची भाषा सुधारते आहे. तुम्ही म्हणालात की आज गाडी वेगात काढावी लागली, की मी लगेच, वेग नाही अण्णा, चाल म्हणा, वेगाला दिशा लागते. तुम्ही घास खाली ठेवून विचारलंत, मग मी इथनं गावाला गेलो नि परत आलो तर काय झालं? मी ऐटीत सांगितलं की अंतर झालं ऐंशी किलोमीटर, पण विस्थापन शून्य. तुम्ही आईकडे वळून म्हणालात की बघ, वीस वर्षं गाडी हाकतोय आणि हिच्या पुस्तकात मी अजून डेपोतच उभा आहे. आई एवढी हसली की एक बांगडा करपला. तो तुम्ही मुकाट्याने स्वतःच्या ताटात घेतलात.

त्वरण मात्र मला समजावता येईना. वेगात दर सेकंदाला होणारा बदल, असं मी घोकलेलं म्हणून दाखवलं. तुम्ही उठलात, हात धुऊन आलात आणि म्हणालात, "म्हणजे ब्रेक." मी म्हटलं, छे, ब्रेक म्हणजे ऋण त्वरण, ते पुढच्या पानावर आहे. तेव्हा तुम्ही म्हणालात, "बाय, गाडी किती पळते ता माणसाला कळत नाय. पळणं कमीजास्त झालं की कळतं. पोटात कळतं." पुस्तकात असं काही नव्हतं, म्हणून मी ते वहीत उतरवून घेतलं नाही. आज तीस वर्षं मी हाच धडा शिकवते आहे आणि याहून सोपं वाक्य मला अजून सापडलेलं नाही.

तुमच्या गाडीत तान्हं मूल जागं व्हायचं नाही, असं लोक म्हणायचे. तुम्ही आरशात मागचा रस्ता कमी आणि उभी माणसं जास्त बघायचात. ब्रेक लावताना एखाद्याची मान पुढे गेली तरी तुमची जीभ टाळ्याला लागून चक् असा आवाज व्हायचा. तो स्वतःसाठी असायचा. म्हणूनच भाद्रपद आला की आपल्या गावची माणसं डेपोच्या खिडकीवर येऊन विचारायची, वस्तीच्या गाडीला ड्युटी कोणाची आहे? मूर्ती घडवतात त्या गणपतीच्या शाळेत पाट नेऊन दिला की मूर्ती तयार झाल्यावर ती न्यायची तुमच्याच गाडीतून, असा गावाचा रिवाजच झाला होता. मुंबईहून आलेला चाकरमानीसुद्धा मूर्ती मांडीवर घेऊन तुमच्या गाडीसाठी तासभर थांबायचा. घरात दाखवायला दुसरं काही नव्हतं आपल्याकडे. एवढं एक नाव होतं.

त्या वर्षी पहिल्या चाचणीत माझा पहिला नंबर आला होता आणि तुम्ही मला मनगटी घड्याळ आणून दिलंत. त्याला सेकंदाचा काटा होता. पोरीच्या हातात घड्याळ कशाला, म्हणून आईने कुरकुर केली. तुम्ही म्हणालात की धडा येतो तिला, मापायला काहीतरी नको का? त्या दिवसापासून मला शिंगंच फुटली.

हरतालिकेच्या आदल्या दिवशी आपण दोघं गावी निघालो. आई आधीच पुढे गेली होती. गर्दीमुळे गाडी तासभर उशिरा सुटली. मी केबिनमध्ये, इंजिनाच्या झाकणाशेजारी, तुम्ही घातलेल्या गोणपाटावर. डोक्यावर चालकाशी बोलू नये अशी पाटी. तुमच्या पाठीमागच्या पहिल्या सीटवर खालच्या वाडीतली आते, मांडीवर गणपती, त्याच्या तोंडावर पांढरं फडकं. तिच्या मुलाला मुंबईस रजा मिळाली नव्हती, म्हणून ती एकटी येऊन मूर्ती घेऊन निघाली होती. घरातला पुरुष नसताना मूर्ती आणायची तिची ती पहिलीच वेळ. गाडी डेपोतून बाहेर पडली तशी तिने दोनदा विचारलं, दिवेलागणीच्या आत पोचू ना रे?

गाडीतला वेगाचा काटा मेलेला होता, तो शून्यावरच पडून असायचा. मला आयतंच काम मिळालं. रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड बघायचे, एका दगडापासून दुसऱ्यापर्यंतचा वेळ घड्याळात मोजायचा आणि भागाकार करायचा. अडीच मिनिटांना एक दगड. ताशी चोवीस. मी तुम्हाला सांगितलं की चोवीसने गेलो तर गावच्या चाळीस किलोमीटरला शंभर मिनिटं लागतात, तीसने गेलो तर ऐंशी. वीस मिनिटं वाचतील. तुम्ही मान हलवलीत. मी पुढे म्हटलं, तुम्हीच म्हणता ना, किती पळते ते माणसाला कळत नाही? तुम्ही हसलात आणि खरंच गाडी थोडी मोकळी सोडलीत. आतेसाठी सोडलीत की माझ्यासाठी, हे मला आजही सांगता येत नाही. बहुतेक माझ्यासाठीच. पोरगी मोजते आहे, तिचं गणित बरोबर येऊ दे, एवढाच तुमचा विचार असणार.

मग दोन दगडांमध्ये बरोबर दोन मिनिटं भरली. तीस. माझा आनंद पोटात मावेना. मी अण्णा, तीस, असं ओरडले आणि मनगट तुमच्या तोंडासमोर धरलं. तुम्ही बघितलंत. बापाने बघावं तसंच बघितलंत, कौतुकाने, घड्याळाकडे आणि मग माझ्याकडे. तेवढ्यात वळण आलं. वर्षानुवर्षं ज्या वळणाच्या पन्नास पावलं आधी तुमचा पाय ब्रेकवर जायचा, तिथे तो वळणात शिरल्यावर गेला. गाडी कुठेही आदळली नाही, कोणाला खरचटलंही नाही. माणसं पुढे झुकली आणि परत मागे बसली. पण आतेच्या मांडीवरचा गणपती पुढच्या लोखंडी दांड्यावर गेला आणि त्याचा मोदकाचा हात मनगटापासून तुटून खाली पडला.

आते रडली नाही. तो हात पदरात घेऊन बसून राहिली. मुलगा तिकडे लांब, घरात एकटी बाई, आणि आणतानाच मूर्ती भंगली, म्हणजे तिच्या मनात काय आलं असेल ते सांगायला नको. गावात गाडी थांबली तेव्हा न्यायला आलेली माणसं भोवती जमली आणि कसं झालं म्हणून तुम्हाला विचारू लागली. तुम्ही म्हणालात, "माझा डोळा लागला." वीस वर्षांत ज्याला जांभई देताना कोणी पाहिलं नव्हतं, तो माणूस हे बोलला. कंडक्टर मागे गर्दीत होता, त्याला काही दिसलं नव्हतं. आतेला सगळं दिसलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं, मग तुमच्याकडे, आणि ती काहीच बोलली नाही. मीही बोलले नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी शब्दशः केलं होतं, आणि वर तो हात फ्रॉकच्या खिशात घालून उभी होते.

भटजींनी सांगितलं की अजून प्राणप्रतिष्ठा झालेली नाही, हात जोडून घेतला तर चालेल. सकाळच्या गाडीने तुम्ही मूर्ती परत नेलीत आणि सोबत मला घेतलंत. मला वाटलं, आता बोलणी बसणार. शाळेतल्या मूर्तिकाराने शाडू मळून हात बसवला, शेगडीवर धरून वाळवला, रंग दिला. मी घड्याळ काढून पिशवीत टाकलं होतं. गाडीत चढताना तुम्ही रिकामं मनगट बघितलंत आणि म्हणालात, "घाल ता घड्याळ. आकडा बरोबर होता तुझा. बघायची वेळ माझी चुकली." तेवढंच. त्यानंतर त्या विषयावर तुम्ही माझ्याशी मरेपर्यंत एक अक्षर बोलला नाहीत.

परतीला गणपती माझ्या मांडीवर. माझी हरतालिका, पोटात सकाळपासून पाणीसुद्धा नाही, आणि भीती अशी की मी श्वास मोजून घेते आहे. गाडी थांबते, माणसं उतरतात, गाडी निघते, आणि मांडीवरच्या फडक्याची चुणीसुद्धा हलत नाही. थांबलो कधी ते मला बाहेर झाडं उभी दिसली की समजतं. मध्येच मी न राहवून दोन दगडांमधला वेळ मोजला. दोन मिनिटं दहा सेकंद. म्हणजे अठ्ठावीसच्या आसपास, आदल्या दिवसापेक्षा फार कमी नाही. तेव्हा मला पहिल्यांदा धडा समजला. माझं पुस्तकातलं त्वरण तुमच्या उजव्या पायात होतं. फार प्रेम वाटलं तुमचं, अण्णा, आणि तितकीच लाज वाटली स्वतःची.

पुढच्या वर्षीपासून गावाने गणपतीसाठी टेंपो ठरवला. तोंडावर कोणी काही बोललं नाही. तुम्ही म्हणालात की बरं झालं, गाडीत चार माणसं जास्त बसतील. पण त्या दिवसांत तुम्ही वस्तीच्या गाडीची ड्युटी बदलून मागायला लागलात, ती दर वेळी मिळायचीच असं नाही. फक्त आतेने ऐकलं नाही. तिने डेपोच्या खिडकीवर येऊन तुमची ड्युटी विचारून घेतली, आणि मुलगा रजा घेऊन आला होता तरी गणपती स्वतःच्या मांडीवर घेऊन त्याच पहिल्या सीटवर बसली. तुम्ही गाडी कशी नेलीत ते मी पाहिलं नाही. मी परीक्षेचं निमित्त काढून घरीच राहिले होते.

आता तुम्ही नाही, आते नाही. हे पत्र टाकायला पत्ता नाही हे एक बरंच आहे, कारण पत्ता असता तरी मी ते टाकलं असतं की नाही, मला खात्री नाही. दरवर्षी नववीला त्वरण शिकवताना मी तुमची गोष्ट सांगते. एक चालक होते, त्यांच्या गाडीत तान्हं मूल जागं होत नसे, जन्मात एकदाच त्यांचा ब्रेक जोरात बसला. डोळा लागल्याचं मी सांगत नाही, तो डाग निदान माझ्या वर्गात तरी तुमच्यावर राहू नये. त्याऐवजी मी रस्त्यात एक म्हैस आणली आहे. पहिल्याच वर्षी आणली, आणि ती इतकी वर्षं निमूटपणे आडवी येते आहे. काल पुढच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर करून विचारलं की बाई, म्हैस कुठल्या बाजूने आली होती? खरं सांगून टाकायला याहून चांगली वेळ मला मिळणार नव्हती. मी म्हटलं, डावीकडून, आणि फळ्यावर बाण काढून दाखवला.