मृत्युपत्रावरचा अंगठा

मुरबाड, पौषातला सोमवार, १९३८

माझ्या अशील यमुनाबाई. त्यांच्या नवऱ्याच्या मृत्युपत्राचं प्रकरण ठाण्याला होतं. एकमेव हयात साक्षीदार वैशाखऱ्याचे राघोबाबा. त्यांना ठाणं झेपेना. म्हणून मीच अर्ज करून प्रकरण इथल्या कोर्टाकडे वर्ग करून घेतलं. आज म्हातारे बैलगाडीतून कोर्टात आले.

साक्षीच्या पिंजऱ्यात मी त्यांना विचारलं, "अंगठा तुमच्यासमोर उठवला ना?"

"होय सायेब. पन तवा मालकांचा जीव गेलता. हात आमीच धरला."

संपलं. मृत्युपत्रानं यमुनाबाईंना मिळायचं शेत आता त्यांच्या दिराकडे जाणार. अंगठ्याचं मी आधी का विचारलं नाही? की विचारायचंच नव्हतं?

बाहेर यमुनाबाईंनी म्हाताऱ्याला पाणी दिलं. म्हणाल्या, "बरा झाला बाबा, सांगितलात. माज्यानं बोलवत नव्हता."