खिडकीत न मावणारी वायर

उलवे,
रविवार, सकाळ

ती. हिरामणदादांना कृष्णातचा वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? शेक खरंच घेताय, की घेतो म्हणून वहिनींना नुसतं सांगताय? इकडे देवाच्या कृपेने सगळे ठीक. तुमच्या पुतणीची, ज्ञानेश्वरीची, परीक्षा संपली, शर्मिलाची कंबर बरी आहे. राहिली आई. तिचंच सांगायला बसलो आहे.

मागच्या गुरुवारी सकाळी मी आंघोळ केली, देवाला फूल वाहिलं आणि ओल्या डोक्यानेच सोसायटीच्या गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीला रेडिओची एरियल बांधली. पन्नाशीला आलेल्या माणसाने हे का करावं, असं तुम्ही म्हणाल. आई गावाहून आली ती आम्ही कायमचीच आणली असं धरून चाललो होतो. पण तिने आल्याआल्या सांगितलं, सकाळची भक्तिगीतं रेडिओवर लागल्याशिवाय दिवस उजाडत नाही, आणि तुझ्या घरात तर नुसती खरखर आहे. एकादशीपर्यंत बघते, नाहीतर मला यष्टीत बशिव. (चारी बाजूंनी एवढे टॉवर उभे राहिलेत की आवाजाला आत यायला वाटच नाही.) ज्ञानेश्वरीने मोबाइलवर तीच गाणी लावून दिली. आई म्हणाली, "ह्यात देव बोलावलं की येतो गं. रेडिओवर आपण वाट बघायची असती." मलाही मनातून तसंच वाटतं.

तुम्हाला आठवतं का, अण्णांचा रेडिओ सोप्यातल्या खुंटीवर असायचा आणि तांब्याची तार कौलांवरून चिंचेला बांधलेली होती? वाऱ्याने ती तुटली की अण्णा तुम्हालाच टोक धरून उभं करायचे. तुम्ही धरलं की आवाज स्वच्छ, मी धरलं की शिट्टी. सगळ्या बातम्या, वर बाजारभाव, होईपर्यंत तुम्ही हात वर करून उभे, आणि आतून अण्णांचं "हिरामण, हलू नगं!" तुमच्या अंगातला सगळा धीर तिथूनच आला असं मी ज्ञानेश्वरीला सांगतो. तिला खोटं वाटतं. त्या वेळी वायरीला जात असते हे आपल्याला कुठे ठाऊक होतं? तार म्हणजे तार.

आता तसं नाही. वाशीच्या हितेशभाईंच्या दुकानात गेलो तर त्यांनी तीन वायरी माझ्यापुढे मुली दाखवाव्यात तशा मांडल्या. आरजी १७४, काळी, शिवणाच्या दोऱ्याची थोरली बहीण. आरजी ३१६, तपकिरी, तशीच बारीक पण महाग. आणि आरजी ५८, शाळेतल्या पेन्सिलीपेक्षा थोडी बारीक. आत मधोमध तार, तिच्यावर कवच, त्यावर जाळी, वर कातडं. (देहात जीव ठेवावा तशी रचना आहे. मी काउंटरवर जरा वेळ बघतच राहिलो, तेव्हा मागचं गिऱ्हाईक खाकरलं.) हितेशभाईंनी विचारलं, "लांबी किती, काका?" मी म्हणालो, खिडकीतून आत आली की झालं. चूक तिथेच झाली. मी खिडकीचा विचार केला, गच्चीचा केलाच नाही.

काळी वायर आणली. खिडकीच्या फटीतून गुपचूप आत आली, खिडकीही लागली. पण एवढ्या उंचावरून खाली येईतो आवाजाने वाटेतच जीव टाकला. गाणारा कर्नाळ्यापलीकडे बसून गातोय असं वाटे. मग तपकिरी आणली. महाग आहे म्हणजे चांगलीच असणार, हा आपला गावाकडचा हिशोब. तिचा खरा गुण गरमी सोसण्याचा, बारीकपणात ती काळीचीच सख्खी बहीण. तरी थोडं ऐकू येत होतं. पण नवी वस्तू घरात आली म्हणून आई गच्चीवर गेली, एरियलला हळदीकुंकू वाहिलं आणि वर तांब्याभर पाणी घातलं. पाणी जोडातून जाळीत उतरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "आरं किस्ना, ह्यो गातोय का गुळण्या करतोय?"

शेवटी ५८ आणली आणि जोडावर पक्की चिकटपट्टी मारली. दादा, काय आवाज! सोप्यात बसल्यासारखं वाटलं, डोळे भरून आले. पण ही जाड, त्यामुळे खिडकी बोटभर उघडी, आणि खाडीवरचे डास सहकुटुंब आत. भजन रेडिओवर आणि टाळ्या आमच्या. आईच्या दंडावर गांधी उठल्यात, आणि एकादशी आठवड्यावर आली आहे.

भिंतीला भोक पाडलं तर सगळं सुटेल. पण शर्मिला नाही म्हणते, आणि तिचं चुकत नाही. नावड्याच्या भाड्याच्या खोलीत घरमालक खिळा ठोकू देत नसे. आता घर स्वतःचं, तर ती स्वतःच ठोकू देत नाही. अण्णांचा फोटोसुद्धा फ्रिजला टेकून उभा आहे. मलाही वास्तुशांत केलेल्या भिंतीत ड्रिल घालायला हात धजत नाही.

वहिनींना नमस्कार.

आपला,
कृष्णात

ता. क. : खरं काम सांगायचं राहिलंच. तुम्ही रोज संध्याकाळी आईला फोन करून तुळस सुकली, मांजर दारात येऊन बसतं, असं सांगता. खरं असेलही. पण एकादशी होईपर्यंत मांजराचं नाव काढू नका, आणि जमलं तर कौलं उतरवलीत म्हणून सांगा. पाप लागलं तर माझ्या माथी.

ता. क. २ : पाकीट चिकटवणार होतो, पण राहवेना. देवाला हात जोडले आणि शेजारून ड्रिल मागून आणलं. शर्मिला म्हणाली, "अहो, भिंतीला हात तर लावून बघा!" आणि मशीन सुरू झाल्यावर तीच खाली वर्तमानपत्र धरून उभी राहिली. भोक पडलं, वायर आत आली, खिडकी लागली, अभंग सुरू झाला. आईने रेडिओकडे पाहिलंच नाही. भोकाजवळ गेली, त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "आता कसं घर वाटतंय! इतकं दीस लोकाच्या हितं बसल्यागत वाटत हुतं. खुंटी न्हाई, खिळा न्हाई, लुगडं टाकायचं तरी कुठं माणसानं?" मी विचारलं, मग रेडिओ? म्हणाली, "त्यो बी असू दे." ड्रिल अजून हातातच होतं. शर्मिलाकडे न बघता आईच्या पलंगाच्या उशाशी दुसरं भोक पाडलं आणि खुंटी ठोकली.