अबुधाबीला कुणाकडे?

कामथडी, ता. भोर
गौरी-गणपतीनंतरचा सोमवार, १९७७

प्रिय जगन,

सप्रेम जयभीम.

तुझं पत्र, सुट्टीवर आलेल्या तुझ्या जोडीदारानं, वरव्याच्या चिमाजीनं घरी आणून दिलं. सोबत साबणाच्या वड्या आणि सासूबाईंची शालही मिळाली. दुबईत उकाड्यानं जीव जातो म्हणतोस, मग तिथं शाल कोण विकतं रे? पण शाल उबदार आहे. सासूबाई ती भर दुपारीसुद्धा अंगावर घेऊन ओट्यावर बसतात आणि येणाराजाणारा विचारेपर्यंत उठत नाहीत. तुझ्या नावाचा डंका आळीभर झालाय, तेव्हा खूश हो.

आता तुझ्या पत्राबद्दल. ते मी इतक्यांदा वाचलंय की घडीवर फाटायला आलंय, तरी मला त्याचा काही बोध होत नाही. दसऱ्याच्या आधीच्या शुक्रवारी तुम्ही सहाजण गाडी करून एका दिवसासाठी अबुधाबी बघायला जाणार. पहाटे निघणार, समुद्रकाठचा नवा रस्ता बघणार, बाजार बघणार, बागेत बसून जेवणार आणि रात्री परत येणार. उकडलेली अंडी कोण आणणार तेही लिहिलंस. अक्का, तुला तिथून काय आणू, असंही विचारलंस. सगळं लिहिलंस, पण ज्या अबुधाबीत तुझे दाजी गाडी चालवतात, ज्या माणसानं तुला हाताला धरून त्या मुलखात नेलं, त्यांचं नाव मात्र कुठंच नाही. वर्ष उलटलं, त्यांचं मला एक अक्षर नाही. त्याच गावाला तू जाणार, आणि त्यांच्याकडे जाणार की नाही, हे लिहायला तुझ्या शाईला काय झालं होतं?

पत्र मी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. शेजारच्या अंबूबाईही येऊन बसल्या होत्या. एका दिवसासाठी शहर बघायला जाणार, म्हटल्यावर अंबूबाईंनी विचारलं, कुणाकडे? मी म्हटलं, कुणाकडे नाही, नुसतं बघायला. त्या म्हणाल्या, नुसतं बघायला म्हणजे कुणाकडे? अर्धा तास हेच चाललं होतं. लग्न नाही, बारसं नाही, दुखणं नाही, दहावं नाही, आणि सहा धडधाकट माणसं पेट्रोल जाळून दुसऱ्याच्या गावाला जाणार, हे काही त्यांना पटेना. खरं सांगू, मलाही पटेना. मी सातवी शिकलेली, पेपर वाचणारी, पण मीही मनात तेच विचारत होते.

सासूबाईंनी मात्र तिथल्या तिथं तुझी सगळी सहल आखून टाकली. म्हणाल्या, जगननं पहिलं तिथल्या स्टँडवर उतरायचं. कुणालाबी विचारायचं, कामथडीचा साहेबराव कुठं ऱ्हातो, कुणीबी सांगंल. मग थेट त्याच्या खोलीवर जायचं, हातपाय धुवायचे, दोन घास खायचे आणि मग दुपारून काय तो समुद्र बघायचा, समुद्र कुठं पळून जात नाही. मी म्हटलं, अहो, ते काय नसरापूर आहे का? तर म्हणाल्या, नसरापूरपेक्षा मोठं असंल, मग जास्त माणसं असतील, जास्त जणांना ठाऊक असंल. तेव्हापासून त्यांचं बांधणं चालू आहे. नाचणीचे पापड, सांडगे, आंबेमोहोर तांदूळ. चिमाजीचं विमान पुढच्या आठवड्यात आहे, त्याच्याकडे हे पत्र आणि ते गाठोडं दोन्ही येईल. त्यातलं तुझं किती आणि दाजींचं किती, हे सासूबाईंनी चिंध्यांच्या गाठी वेगळ्या मारून ठरवलंय. लाल चिंधी लेकाची. तुझी पांढरी, आणि ती लहान आहे, रागावू नकोस.

मला आपल्या बाबांची आठवण झाली. आठवतं का, भाटघरचं धरण दाखवतो म्हणून ते आपल्या दोघांना वेल्ह्याहून घेऊन निघाले होते? तू पाच-सहा वर्षांचा, नवी चड्डी घालून. नसरापुरात उतरलो तर साळूआत्याचं घर लागलं. तिच्याकडे गेल्याशिवाय पुढं कसं जायचं? तिथं चहा. भोरला रखमाजीमामा, तिथं जेवण. मामांनी शेजारच्या सोयऱ्यांकडे नेलं, तिथं पुन्हा चहा. तू धरण धरण करून रडायला लागलास, तर बाबा म्हणाले, अरे माणसं बघितली ना? शेवटी दिवस कलला आणि परतीच्या एसटीच्या खिडकीतून काहीतरी पांढरं चमकलं. बाबा म्हणाले, ते बघ धरण. घरी आल्यावर तू सगळ्यांना सांगितलंस, मी धरण बघितलं. गावात आपलं माणूस असेल तर त्याच्या दारचं घोटभर पाणी प्यायल्याशिवाय माघारी फिरायचं नाही, हे आपल्याला कुणी शिकवलं नाही, ते असंच अंगात मुरलं. भांडण असलं तरी पाणी प्यायचं. पाणी न पिता फिरला, म्हणजे ते नातं संपलं, असंच आपल्याकडे धरतात.

हे सगळं लिहिण्याचं कारण पुढं आहे, पण त्याआधी माझी अडचण सांगते. वेल्ह्याला नवी बालवाडी निघतेय. तिथले लोक दोनदा येऊन गेले. राहायला एक खोली देतील, पगार बेताचा आहे, पण काम माझ्या मनासारखं आहे. लहान पोरांत दिवस जाईल. मला मूल नाही, हे गाव तोंडावर बोलत नाही पण विसरूही देत नाही, तेही तिथं जरा कमी होईल. मी त्यांना सांगितलं, मालकांना विचारून कळवते. आता मालकांना विचारू कुठं? ते येणार असतील तर घर बंद करून मी कशी जाऊ? येणार नसतील तर इथं दार उघडं ठेवून कुणाची वाट बघत बसू? आणि सासूबाईंना एकट्या टाकून जायचं की कसं? दिवाळीपर्यंतच ते लोक थांबणार आहेत. रोज सकाळी ठरवते, जायचं. संध्याकाळी दिवा लावते तेव्हा ठरवते, नाही जायचं. माझं डोकं म्हणजे नुसता काला झालाय.

आणि त्यात चिमाजी. परवा गाठोडं किती वजनाचं चालेल ते सांगायला आला होता. सासूबाई तांदूळ निवडत होत्या, मी चहा ठेवला होता. बोलता बोलता बिचारा सहज म्हणाला, अबुधाबी काय, आम्ही उन्हाळ्यात पण गेलो होतो की, जगन होता ना बरोबर. तू मला कधी बोलला नाहीस, जगन. चिमाजी सांगत होता, आम्ही बाजारात फिरलो, जगन मात्र दाजींना भेटून येतो म्हणून एकटाच गेला. संध्याकाळी गाडीपाशी आला तो गप्प. जेवला नाही. आम्हाला वाटलं ऊन लागलं. सासूबाईंनी मान वर केली नाही, तांदूळ निवडतच होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, आल्यावर पाणी मागितलं का रं त्यानं? चिमाजी हसून म्हणाला, मागितलं म्हणजे काय, अख्खी बाटली उभ्या उभ्या संपवली, दिवसभर घोटभर मिळालं नसल्यासारखा प्यायला. सासूबाई म्हणाल्या, बरं. आणि पुन्हा निवडायला लागल्या.

मला सगळं कळलं, आणि काहीच कळलं नाही. तू दारापर्यंत गेलास, हे कळलं. दाजींचं दार, आणि तू, आपल्या बाबांचा, सोनबांचा मुलगा, त्या उन्हात तहानलेला माघारी फिरलास. आत काय बघितलंस? ते आजारी आहेत? दारू? की ओळख दिली नाही? की पाण्याचा तांब्या घेऊन दुसरंच कुणी पुढं आलं? मी एकेक गोष्ट मनात मांडते आणि पुसते. तुझ्यावर रागावले, मग तुझी कीव आली, मग स्वतःचीच आली. एवढे महिने तू हे पोटात ठेवून मला साबण पाठवत राहिलास. आता पुन्हा तिथंच निघालास आणि पुन्हा नाव लिहीत नाहीस. बघायला निघालास की तोडायला, तेही मला समजत नाही.

आणि सासूबाईंचं तर त्याहून समजेना. चिमाजी गेल्यावर त्या पुन्हा गाठोड्याशी बसल्या, पुन्हा तेच, स्टँडवर उतरायचं, कामथडीचा साहेबराव म्हणून विचारायचं. मला वाटलं, म्हातारीच्या लक्षातच आलं नाही, आणि मला हायसं वाटलं. मग काल भाकरी खाताना त्यांनी ताट बाजूला सारलं आणि म्हणाल्या, "गीते, जगनला लिही, या खेपंला पाणी पिऊन ये म्हणावं. माजा ल्योक देऊ दे न्हाईतर त्या घरातली बाई देऊ दे. तिच्यावर राग धरू नगं. आन् येल्ह्याच्या लोकांना सांग, दोगी येतो म्हणून. पोरांचं नाक पुसायला म्या बी चालंल." मी रडले. लपून नाही, त्यांच्या समोरच रडले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ताट पुन्हा ओढून घेतलं.

म्हणून हे पत्र. वेल्ह्याला मी हो कळवलंय, दिवाळीनंतर आम्ही दोघी तिथं असू. शुक्रवारी तू आधी दाजींकडे जा, समुद्र नंतर. भांडू नकोस, परत येतो वगैरे शब्द त्यांच्याकडून मागू नकोस. त्यांची आई माझ्याजवळ आहे आणि बरी आहे, एवढं सांग. माझं अजून ठरत नाही की त्यांनी यावं असं मला वाटतं की येऊ नये असं वाटतं, तेव्हा माझ्या वतीनं काही बोलू नकोस. पण यावेळी जे बघशील ते सगळं लिही, मला जपायचं म्हणून गाळू नकोस. तिथं बाई असेल तर तिचं नाव विचार. आणि मूल असेल तर त्याला जवळ घे आणि ते कोणावर गेलंय ते नीट बघून ये. सासूबाई विचारतील, आणि मलाही ऐकायचंय.

तुझीच,
गीताअक्का