तिसऱ्या गाण्यातला आवाज

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे खुर्चीतूनच घालतोय, पण या खेपेला मनापासून.) तुमचा खोकला कसा आहे? तो आता जगप्रसिद्ध झालाय, म्हणून मुद्दाम विचारतो. इकडे तुमच्या बहिणीची तब्येत उत्तम. माझ्याशी बोलणं बंद केल्यापासून तर फारच सुधारली आहे.

तो कार्यक्रम तुम्ही पाहिला नसेल अशी आशा धरून सगळं लिहितो. पाहिला असेल तर हे पत्र इथेच मिटून ठेवा. नको, वाचाच.

आमच्या लेकीचा, म्हणजे तुमच्या भाचीचा, अल्बम निघाला तेव्हा मी काही ते मनावर घेतलं नव्हतं. (तिचं ‘टिटवी’ हे नाव माझंच. लहानपणी झोपेच्या वेळी ओरडायची म्हणून वैतागून ठेवलेलं. आता तेच भिंतीभिंतीवर माझ्या उंचीच्या अक्षरांत लागलंय.) पाच भाषांतली गाणी. एक आपली आणि बाकीच्या चार तुम्ही जहाजावर स्वयंपाकी असताना बंदराबंदरांतून उचलून आणलेल्या. हमालांची गाणी, जाळी विणणाऱ्या बायकांची गाणी, आणि त्यांना हिने गिटार अन् ड्रमची जोड दिलेली. कोण ऐकणार हे, असं मी माझ्या चष्म्याच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला चष्मा चढवता चढवता सांगत होतो. मग ती गाणी टॅक्सीत वाजायला लागली, न्हाव्याकडे वाजायला लागली, दातांच्या डॉक्टरांनी माझी दाढ उपटताना लावली. शेवटी परदेशातली पोरं, ज्यांना यातली एकही भाषा येत नाही, मैदान भरून तिच्याबरोबर गाताना बातम्यांत दिसली. त्या दिवशी मी बाप झालो. (तोवर नुसता पालक होतो.)

तर टीव्हीवाल्या बाई दुकानात आल्या. मी कोट घातला होता आणि काउंटरवर सगळ्यांत महागड्या फ्रेमा मांडल्या होत्या, हे आधीच कबूल करतो. घरात गाण्याचं वातावरण होतं का, असं त्यांनी विचारलं. दादा, आमच्या घरात रेडिओवरच्या बातम्यासुद्धा मी हळू आवाजात लावायचो, हे तुम्हाला माहीत आहे. पण कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला आणि माझ्या जिभेला पाय फुटले. सगळं माझ्या मांडीवर बसून शिकली, म्हणालो. पाचही भाषांतलं? हो, पाचही. तेवढ्यात बाईंनी फोनवर तिसरं गाणं लावलं. सुरुवातीला एक घोगरा आवाज येतो. खोकतो, हसतो आणि म्हणतो, “थांब गं, परत म्हण.” हा आवाज कोणाचा, असं त्यांनी अगदी गोड विचारलं.

“माझाच,” मी म्हणालो. “तेव्हा सर्दी झाली होती.”

कॅमेरावाला खाली बघून हसला. मला वाटलं, प्रेमाने हसतोय. इतक्या वर्षांचं आपलं नातं, आणि मला तुमचा आवाज ओळखता आला नाही. कारण अल्बम मी ऐकलाच नव्हता! एकही गाणं धड नाही. (डॉक्टरांकडचं धरू नका, तोंडात कापूस होता.) मागच्या वर्षी टिटवी तुमच्याकडे राहून गेली, तेव्हा तुमच्या स्वयंपाकघरात माइक लावून बसली होती हे सगळ्या जगाला ठाऊक. प्रत्येक कार्यक्रमात ती ते सांगते म्हणे. पण मी कार्यक्रमाला कधी गेलो तर ना!

प्रसारणाच्या दिवशी मी शेजारपाजार गोळा केला होता. पडद्यावर मी म्हणतो, “माझाच,” आणि लगेच पुढच्या क्षणी टिटवी मंचावर, हजारो लोकांसमोर: “हा माझ्या मामाचा आवाज. गाणं मला त्याने दिलं.” मी रिमोट शोधत होतो. तो तुमच्या बहिणीच्या हातात होता. तिने टीव्ही बंद नाही केला, आवाज वाढवला.

आता गिऱ्हाइकं येतात, मी तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगतो, ती वाचतात आणि माझ्याकडे बघत थांबतात. मग एखादा म्हणतोच, “परत म्हणू का, काका?” मी मान खाली घालून नंबर लिहितो. पण हे काहीच नाही. टिटवीचा फोन आला. मला वाटलं रागावेल, आणि रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, “बाबा, तुम्हाला त्यातलं कुठलं गाणं आवडलं?” मला एकाचंही नाव सांगता आलं नाही. ती म्हणाली, “असू दे,” आणि फोन ठेवला. ते ‘असू दे’ अजून कानातून जात नाही.

त्या दुपारी दुकानाचं दार आतून लावून मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. चार भाषांतलं अक्षर कळलं नाही. तरी चष्मा सारखा पुसावा लागला. एवढी वर्षं ती हे माझ्या घरात गात होती आणि मी तिला दार लावून घ्यायला सांगत होतो. दादा, तुमचं श्रेय मी भर चौकात खिशात घातलं. मला क्षमा करा.

आपला,
टिटवीचा बाप (गुरू नव्हे)

ता. क. पुढच्या महिन्यात तिचा इथे कार्यक्रम आहे. आपल्या दोघांच्या खुर्च्या तिने पहिल्या रांगेत शेजारी शेजारी ठेवल्यात. एकट्याने जाऊन बसायची माझी छाती नाही. तुम्ही आलात तर लोक तुमच्याकडे बघतील. खरं तर पत्र त्यासाठीच लिहिलं.

ता. क. (हे मी लिहितेय.) दादा, हे पत्र मी वाचलं. लाज वाटते वगैरे सगळं खरं आहे, पण एक गोष्ट त्यांनी लपवलीय. हे आता दिवसभर दुकानात आणि घरी आल्यावरही टिटवीची गाणी गातात. सूर नाही, शब्द तर नाहीच नाही. काल लेकीचा फोन आला तेव्हाही मागे चालूच होतं. तिने ते ऐकलं आणि घाबरून म्हणाली, “आई, बाबांना काही होतंय का?” मी म्हटलं, होतंय, होऊ दे.