खोट न सांगता आलेली डिस्क

सेलू
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय चंद्रभान,

सप्रेम नमस्कार. माझा गुडघा सोडला तर घरात सगळे खुशाल आहेत. पार्वतीवहिनींना नमस्कार सांग, आणि त्यांनी दिलेली शेंगदाण्याच्या चटणीची बरणी रिकामी झाल्याचंही सांग. मागायला मला लाज वाटत नाही, हे त्यांना माहीत आहे.

खिशात फोन असताना हा माणूस कागद का खराब करायलाय, असं म्हणशील. तू फोन उचलत नाहीस, म्हणून. ग्रुपवर काही लिहिलं तर तुझं उत्तर आवाजात येतं, "हां, बगतो", एवढंच. आवाजाचे निरोप पाठवणाऱ्यांना आळशी म्हणणारा आपल्यातला पहिला माणूस तूच होतास.

काल रविवार. आदिनाथच्या मोबाइल दुकानामागच्या खोलीत आपल्या कॉम्प्युटर कट्ट्याची मंडळी जमली. तुझी खुर्ची भिंतीला लावून ठेवली होती, कुणी बसलं नाही. नर्मदाबाईंनी शब्द जुळवायचा एक खेळ आणला होता. एवढी वर्षं शाळेत शिकवलेल्या बाई, पण पेन ड्राइव्ह अजून पहिल्या दिवसासारखा रुमालात गुंडाळून आणतात. म्हणाल्या, "आधी खोट सांगते बाई. ह्याला आपल्याकडचे शब्द कळत न्हाईत. 'बिगीबिगी' लिहिलं तर चूक दाखवतंय मेलं."

ऐकताना तुझी आठवण झाली, कारण नियम तुझाच. आठवतं ना? "बैल इकताना मारका हाय का, बसका हाय का, ते सांगावं लागतं. मग सॉफ्टवेअरलाच काय सोनं लागलंय?" तेव्हापासून खेळ असो की प्रोग्राम, आणणाऱ्यानं आधी त्याची खोट सांगायची आणि मग तो दुसऱ्याला द्यायचा. विसरला त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. तू बुद्धिबळाचा प्रोग्राम आणलास तेव्हा म्हणाला होतास, "ह्याची खोट एकच. हारला तरी ह्याला राग येत न्हाई. मग जिंकून काय मजा?"

आता मनातलं लिहितो. दिवाळीनंतर मानवत रोडच्या फलाटावर मी तुला पाहिलं. हात वर केला, हसलो. तू माझ्याकडं बघत बघत आलास आणि बाजूनं निघून गेलास. हाक मारावी असं सुचलंच नाही, इतका मी गार पडलो. इथं सांगितलं तर आदिनाथ म्हणाला, "चंद्रभानकाकांना आपला कट्टा आता लहान वाटायलाय." मी त्याला गप्प केलं. मनाला मात्र गप्प करता येईना.

सातवीतला कवितेचा तास आठवतो. गुरुजी चाल लावून म्हणायचे, अख्खा वर्ग डोलायचा, खिडकीतून सरकीचा वास यायचा, आणि तू मागच्या बाकावर आपलीच जोडाजोडी करायचास:

माळावरती आली गाडी, बैल दमले दोन,
चंद्या पुसतो भाग्याला रे, उतरून घेईल कोण?

शाळा सुटल्यावर तुझ्या घराच्या कुंपणाबाहेरून पहिली ओळ मी म्हणायचो, आतून दुसरी तू. चाल गुरुजींची, पण ओळी आपल्या. एवढी जुनी ओळख फलाटावर पुसली जाते का रे?

रागावला असशील तर तसं लिही. शिव्या दे. पण लिही.

तुझा, अजून तरी तुझाच,
भागवत


सेलू
१७ फेब्रुवारी २०२५

चंद्या,

नमस्कार. या पत्राची पानं का वाढली ते तुला उघडल्याबरोबर कळलं असेल. तरी त्याबद्दल शेवटी लिहितो.

माझ्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही, डिस्क आली. मानवतहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरनं पुडा आदिनाथच्या हातात दिला. तुझा खेळांचा, प्रोग्रामांचा सगळा संग्रह! मागोमाग ग्रुपवर तुझा आवाज: "सगळं चांगलं हाय. वापरा. मला आता लागत न्हाई."

आदिनाथ तर नाचायलाच लागला. "काकांनी खजिना दिला की!" नर्मदाबाई तेवढ्या हळूच म्हणाल्या, "खोट सांगितली न्हाई त्यांनी."

"मग चहा लागू!" आदिनाथ ओरडला. सगळे हसले. मीही हसलो, पण तो चहा मला गोड लागला नाही. ज्यानं नियम केला, तोच विसरेल? आणि "लागत न्हाई" म्हणजे काय?

डिस्क मी घरी आणली. दुपारभर बसलो होतो. काय काय निघालं त्यात! ती गाडी पळवायची शर्यत, जिच्यात तू दर वेळी गाडी शेतात घालायचास. मराठी टाइप करायचा आपला पहिला प्रोग्राम. त्याच्या फ्लॉप्या तू परभणीहून आणल्यास, धूळ बसू नये म्हणून सदऱ्याच्या आत, पोटाशी धरून. पडद्यावर पहिल्यांदा 'क' उमटला तेव्हा आपण दोघं पाटीवर पहिलं अक्षर गिरवल्यासारखे बघत राहिलो होतो. कापसाच्या जिनिंगच्या हापिसात हिशोब करून करून माझे डोळे कोरडे झाले होते, त्या दिवशी ओले झाले.

मग मी अलीकडचं बघत गेलो. गेल्या वर्षभरात तू शोधून आणलेले प्रोग्राम. एकूण एक, एकाच जातीचे. अक्षर मोठं करणारा प्रोग्राम. त्याहून मोठं करणारा दुसरा. माउसचा बाण तळहाताएवढा करणारा. काळ्या पडद्यावर पिवळी अक्षरं दाखवणारा. किती वाजले ते बोलून सांगणारा.

यातला एकही तू रविवारी आणला नव्हतास.

इकडं ऊन आत्ताच चढायला लागलंय. बाजार समितीसमोरचा रस्ता पुन्हा खोदलाय. आदिनाथची म्हैस व्याली... बघ, मी कुठं पळायलोय ते. लिहायला बसलो ते लिहवत नाही.

फलाटावर तू माझ्याकडं बघत होतास, पण मला पाहिलं नव्हतंस. हेच ना?

हे सुचल्यापासून माझं चित्त जागेवर नाही. सकाळी उठलो की आधी फोन घेतो आणि तू ग्रुपवर शेवटचा कधी दिसलास ते बघतो. दिसला असलास तर तेवढ्यापुरतं बरं वाटतं. लगेच मनात येतं, विहिरीच्या कडेनं जात असेल का, गॅस कोण पेटवतं, रस्ता ओलांडताना कुणी असतं का. तुझा साखरेचा आजार किती जुना आहे, मला ठाऊक आहे. वहिनींना मी विचारलेलं नाही. तू त्यांच्यापासून लपवलं असशील तर माझ्या तोंडून त्यांना कळायला नको.

घरी चष्म्याचं कारण सांगून मी परभणीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेलो. एका नातेवाइकाचं म्हणून विचारलं. ते म्हणाले, "साखरेनं आतला पडदा खराब होतो. गेलेली नजर सहसा परत येत नाही. राहिलेली बऱ्याचदा राखता येते, पण उशीर झाला तर तीही जाते. कधीकधी डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागतं. त्यांना घेऊन या काका. तुम्हाला तपासून मी काय करू?"

डोळ्यात इंजेक्शन, हे ऐकल्यावर मला सगळं कळलं. देवीची लस टोचायला माणसं आली तेव्हा शाळेच्या भिंतीवरून उडी मारून तुरीत लपलेला पोरगा मी विसरलेलो नाही. तू आताही तुरीतच बसलायस, चंद्या. सगळा संग्रह वाटून टाकलास म्हणजे कुणी शोधायला येणार नाही, असं वाटलं का तुला?

मीही एक शोधून काढलाय. पडद्यावरचं मराठी मोठ्यानं वाचणारा प्रोग्राम. आधी खोट सांगतो. बातम्या बऱ्या वाचतो, कविता मात्र सेलूच्या स्टेशनवर गाडी उशिरा असल्याचं सांगावं तशी. तुझी ओळ टाकून बघितली. "बैल दमले दोन" असं म्हणाला, तेव्हा मला वाटलं आता फलाट क्रमांक दोनवर येतील. चाल त्याला येत नाही. चाल मी पुरवीन.

आणि या पत्राचीही खोट सांगायला पाहिजे. माझा अंदाज चुकीचा असू शकतो. चुकला असेल तर भर रविवारी सगळ्यांसमोर मला वेड्यात काढ, महिनाभर चहा मी पाजतो. इतक्या आनंदानं मी कधीच कुणाला चहा पाजला नसेल.

आता अक्षरांचं. हे सगळं मी आदिनाथच्या दुकानातल्या पाटी रंगवायच्या जाड काळ्या पेननं लिहिलंय. एका पानावर आठ-दहाच ओळी मावल्या. तुला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागू नये, म्हणून. तरीही वाचता आलं नाही, तर लपवू नकोस, वहिनींच्या हातात दे. त्यांच्यापासून लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, असं मग मी समजेन.

आदिनाथ उद्या माल आणायला मानवतला जायलाय. पाकीट तुझ्याच हातात देईल. शुक्रवारी सकाळच्या एसटीनं मी येतो. तिथून दोघं परभणीला जाऊ. इंजेक्शनच्या वेळी तुझा हात धरून बसेन, मग तू माझी बोटं मोडलीस तरी चालेल. डिस्कही सोबत आणतो. ती तुझी आहे, आम्हाला नको.

तू मानवतच्या स्टँडवर ये. रसवंतीजवळच्या बाकावर नुसता बस. आलेल्या प्रत्येक माणसाकडं बघून मला ओळखायचा प्रयत्न करू नकोस. ते काम आता माझं.

मी लांबूनच पहिली ओळ म्हणेन, चालीत, सगळा स्टँड बघत राहिला तरी. दुसरी तुझ्या तोंडून ऐकू येईपर्यंत म्हणत राहीन.

या खेपेला हाक मारायला न चुकणारा,
तुझा भाग्या